मिरजेतले नऊ दिवस

दक्षिण महाराष्ट्रात 'मिरजेला नेले' या दोन शब्दांना एक वेगळाच अर्थ आहे. गावात कोणाचे दुखणे वाढले आणि तिथल्या डॉक्टरांनी हात टेकले, की ओसरीवर बसलेली मंडळी आवाज उतरवून म्हणतात, "मिरजेला नेलंय त्यांना." पुढचे कोणी विचारत नाही. कोल्हापूर, सांगली, बेळगाव, विजापूर या साऱ्या मुलखातली माणसे वर्षानुवर्षे या एका गावाच्या भरवशावर आजारी पडत आली आहेत, असे म्हटले तर मिरजकर रागावणार नाहीत. उलट मनातून सुखावतीलच.

या लौकिकाची सुरुवात केली ती विल्यम वानलेस नावाच्या, कॅनडात जन्मलेल्या एका मिशनरी डॉक्टरांनी. १८९४ साली त्यांनी मिरजेत रुग्णालय उभे केले. पुढे ते 'सर' झाले, आणि त्यांच्या नावाची वानलेसवाडी सांगलीच्या वाटेवर वसली. १९६२ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले. आज गावात फिरताना औषधाचे दुकान, तपासणीची प्रयोगशाळा आणि रुग्णालयाची पाटी यांखेरीज चौथी गोष्ट दिसली, तर बहुधा ती चहाची टपरी असते.

पण मिरजेला दुसरेही एक अंग आहे. अब्दुल करीम खाँसाहेब इथेच मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात चिरनिद्रा घेत आहेत आणि दर उरुसाला त्यांच्या स्मरणार्थ गवई हजेरी लावून जातात. फटाक्याने डोळे दुखावलेला एक लहान मुलगा कुरुंदवाडहून उपचारासाठी इथे आला. डोळे पूर्ववत झाले नाहीत, पण बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकून तो पंडित विष्णु दिगंबर पलुसकर झाला. सतारी आणि तंबोरे करणाऱ्यांची गल्ली अजून नांदती आहे. त्यांच्या कामाला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. एका हाताला औषधाचा वास आणि दुसऱ्या हाताला लाखेचा, असे हे गाव आहे.

आमच्या अक्कांनाही यंदा मिरजेला न्यावे लागले. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. वय ७२. इचलकरंजीच्या शाळेत ३४ वर्षे मराठी शिकवले, आणि अजूनही समोरचा माणूस बोलत असला तरी त्याचे ऱ्हस्वदीर्घ मनातल्या मनात तपासत असतात. न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. निरोप मिळाला त्याच रात्री मी मुंबईहून महालक्ष्मी एक्सप्रेसने निघाले आणि सकाळी मिरज स्टेशनात उतरले. शस्त्रक्रिया नीट पार पडली. त्यापुढे नऊ दिवस त्यांच्या उशाशी बसणे हे माझे काम. ज्या रुग्णालयात आम्ही होतो त्याचे नाव मी सांगत नाही. जे पाहिले ते मुंबई-पुण्यातही पाहता येईल. आपण पाहत नाही, इतकेच.

रुग्णालयातला दिवस घड्याळावर चालत नाही, आवाजांवर चालतो. पहाटे पाचला चहावाल्याच्या किटलीचा आवाज. सहाला ताप पाहणाऱ्या सिस्टरच्या चपलांचा. आणि सातच्या सुमाराला व्हरांड्याच्या टोकाकडून एका ढकलगाडीच्या चाकांची करकर ऐकू येई. ती ऐकली की अक्का म्हणत, "आल्या बघ मावशी."

आपल्याकडे रुग्णालयात केर काढणाऱ्या, चादरी बदलणाऱ्या बाईला मावशी म्हणतात आणि पुरुषाला मामा. ही रीत फार गोड आहे. मात्र मावशी म्हणून हाक मारली की मग नाव विचारायची गरज उरत नाही. या मावशी पन्नाशीच्या होत्या, जवळच्याच एका खेड्यातून रोज एस.टी.ने येत. साडीवर निळा एप्रन, पायात गमबूट, आणि गाडीवर चार रंगांची सोय: पिवळी पिशवी, लाल पिशवी, पांढरा झाकणबंद डबा आणि निळ्या खुणेचे खोके. साध्या कचऱ्याची पिशवी निराळी.

शिक्षकाची जात कुठेही गेली तरी परीक्षा घेतल्याशिवाय राहत नाही. दुसऱ्याच दिवशी अक्कांनी निजल्या निजल्या सुरुवात केली.

"मावशी, पिवळ्यात काय टाकता?"

"रगताचं समदं. बोळं, पट्ट्या, आपरेशनातलं काय निघतंय ते, मुदत सरल्याली औषधं. ते जाळायला जातंय."

"आणि लाल?"

"पलास्टिक. सलायनची नळी, लघवीची पिशवी, हातमोजं, बिनसुईची सिरींज. ते शिजवत्यात आन् मग तुकडं करत्यात."

"निळं?"

"काच. औषधाच्या कुप्या."

"आणि हा पांढरा डबा?"

मावशींनी त्या डब्यावर हात ठेवला. "ह्यो सुयांचा. सुया, पाती, टोचणारं-कापणारं समदं ह्यात. ह्यो एकदा मिटला की उघडायचा न्हाई, आन् पाऊण भरला की मिटायचाच. काठोकाठ भरला तर वरची सुई हाताला लागती."

अक्कांनी पैकीच्या पैकी गुण दिले. मावशी सातवीपर्यंत शिकलेल्या होत्या.

या रंगांमागे थोडा इतिहास आहे. रुग्णालयातून निघणारा सगळाच कचरा घातक नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने शंभर भागांतले सुमारे ८५ भाग आपल्या घरच्या केरासारखेच असतात: कागद, फळांच्या साली, डब्यातले उरलेले. उरलेले १५ भाग मात्र रोगजंतूंचे, रसायनांचे किंवा टोचणारे. एका चिमटीभर हिंगाने भांडेभर आमटीला वास यावा, तसे ते १५ भाग ८५ मध्ये मिसळले की सगळेच शंभर भाग घातक होऊन बसतात. म्हणून वेगळे करायचे ते जिथे निर्माण होते तिथेच, रोग्याच्या खाटेशी. आपल्या देशात यासाठी पहिले नियम १९९८ साली झाले आणि २०१६ साली ते नव्याने, अधिक कडक करून आले. प्रत्येक पिशवीवर पट्ट्यापट्ट्यांचा सांकेतिक क्रमांक, म्हणजे दुकानातल्या बिस्किटाच्या पुड्यावर असतो तसा बारकोड, हा त्यातलाच. पिशवी कोणाची, वजन किती, हे त्यावरून कळते. असा कचरा ४८ तासांपेक्षा जास्त साठवून ठेवायचा नाही, हेही त्यातच.

आणि त्याच नियमांत आणखी एक वाक्य आहे. ते वाचताना सहज नजरेआड होते. हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला प्रशिक्षण द्यावे, हातमोजे-बूट-मास्क द्यावेत, वर्षातून एकदा त्याची तपासणी करावी आणि त्याला 'ब' प्रकारच्या काविळीची व धनुर्वाताची लस टोचावी. ही जबाबदारी रुग्णालयाची. माणूस कायम नोकरीतला की ठेकेदाराचा, असा भेद त्या वाक्यात नाही.

तिसऱ्या दिवशी मावशी चादर बदलत होत्या तेव्हा माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. त्या चादर ओढून काढत नसत. आधी चारी कोपरे उचलून पाहायच्या, मग मधला भाग तळव्याने न चाचपता चादर कडांनी धरून आतल्या आत गुंडाळायच्या. एखाद्या लहान मुलाच्या अंगावरून पांघरूण काढावे इतक्या हळू. मी सहज म्हटले, "फार जपून काढता हो."

त्यांनी डाव्या हाताची तर्जनी पुढे केली. बोटावर काहीच दिसत नव्हते. "हितं लागली हुती, ताई. दोन वरसं झाली."

चादरींचा ढीग खाली धुलाईकडे नेताना ढिगात कोणीतरी विसरलेली सुई होती. घाईत इंजेक्शन दिले, सुई डब्यात टाकायची ती क्षणभर गादीत खोचली आणि हाक आली म्हणून माणूस धावत गेला. बस, एवढेच. सुई कोणाची, कोणत्या रोग्याची, हे ढिगातून कळणे शक्य नव्हते. मावशींनी बोट चोखले, पदराने पुसले आणि काम पुढे चालू ठेवले. दोन दिवस कोणालाच सांगितले नाही.

"का नाही सांगितलंत?" अक्कांनी विचारले.

"सांगितलं तर म्हनत्यात, तुझंच ध्यान न्हवतं. आन् तपासायला गेलं तर त्या दिसाचा खाडा." थोडा वेळ थांबून त्या म्हणाल्या, "आन् घरी काय सांगायचं, ह्येचं भ्या."

शेवटी त्या बोलल्या ते एका सिस्टरपाशी. त्या सिस्टरने हाताला धरून डॉक्टरांकडे नेले. एड्सच्या विषाणूविरुद्धचे औषध २८ दिवस घ्यावे लागले. मळमळीने अन्न गोड लागेना. मग दीड महिन्याने रक्त, तीन महिन्यांनी रक्त, सहा महिन्यांनी रक्त. "ते सा म्हैनं मी नातवाला जवळ घेतलं न्हाई, ताई. डाक्टर म्हनत हुते, घ्या, जवळ घेतल्यानं काय हुत न्हाई. पर मन घेत न्हवतं." शेवटचा कागद निर्मळ आला. त्या दिवशी त्या घरी न जाता आधी दर्ग्यात गेल्या आणि मग अंबाबाईला.

आमच्या खोलीवर येणारा तरुण डॉक्टर मोठा उत्साही होता. त्याला मी या सगळ्याबद्दल विचारले, तेव्हा त्याने खुर्ची ओढून हिशेबच मांडला. रोग्याच्या रक्ताने भरलेली सुई टोचली, तर एड्सचा विषाणू लागण्याची शक्यता हजारात तीन. पण तीच सुई 'ब' काविळीच्या रोग्याची असली आणि टोचलेल्याने लस घेतलेली नसली, तर शंभरात सहापासून तीसपर्यंत. हा विषाणू वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस तग धरतो. म्हणजे ज्या एड्सला सगळे भितात त्याच्यापेक्षा कितीतरी पटीने मोठे भय काविळीचे. आणि गंमत अशी, की त्याच काविळीवर लस आहे, स्वस्त आहे, आणि तीन टोचण्यांत काम होते: पहिली आज, दुसरी महिन्याने, तिसरी सहा महिन्यांनी. 'क' काविळीवर मात्र अजून लस नाही.

"आणि टोचलीच तर?"

"वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायचं. पिळायचं नाही, चोखायचं नाही, हळद-चुना भरायचा नाही. आणि लगेच सांगायचं. एड्सविरुद्धचं औषध दोन तासांत सुरू झालं तर उत्तम, बहात्तर तासांनंतर त्याचा उपयोग नाही. लस घेतलेली नसेल तर काविळीविरुद्धचं तयार इंजेक्शनही शक्यतो चोवीस तासांत द्यायचं. सगळं आहे आमच्याकडे. फक्त माणसानं सांगायला हवं."

तो गेल्यावर अक्का बराच वेळ छताकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "आठवतं तुला? आईनं आपल्याला भाजी चिरायला शिकवलं त्याच्या आधी काय शिकवलं? विळी आडवी करून उठावं."

खरेच आहे. आपल्या घराघरांत ही शिकवण आहे. भाजी निम्मी चिरून झालेली असो, दारात पाहुणा आलेला असो, विळीचे पाते पाडल्याशिवाय उठायचे नाही. का, तर मागून रांगते मूल येईल, धावत कोणी जाईल. चिरणाऱ्याला विळी कुठे आहे ते ठाऊक असते, येणाऱ्याला नसते. गादीत सुई खोचून धावत गेलेल्या त्या माणसालाही त्याच्या आईने हे शिकवलेच असणार. विळीचे शिकवले होते, सुईचे कोणी शिकवले नव्हते.

सहाव्या दिवशी अक्का काठीच्या चौकटीला धरून चार पावले चालल्या आणि मला थोडी मोकळीक मिळाली. रुग्णालयात कचऱ्याची व्यवस्था पाहणारे एक गृहस्थ होते. त्यांना मी विचारले, "या पिशव्या पुढे जातात कुठे?" असा प्रश्न रोग्याच्या नातेवाइकाने कधी केला नव्हता म्हणून ते आधी चपापले आणि मग खूष झाले. त्यांनी दोन ठिकाणी फोन केले आणि मला परवानगी मिळवून दिली.

मागच्या अंगाला कुलपाची एक खोली. तिथून दुपारी बंद पेटीची गाडी आली. दारावर तीन चंद्रकोरी एकमेकींत अडकवल्यासारखे जैविक धोक्याचे चिन्ह. गाडीबरोबर दोन मामा. त्यांचे काम मी लक्ष देऊन पाहिले. पिशवी उचलायची ती गळ्याला धरून, अंगापासून दूर. बगलेत घ्यायची नाही, पाठीवर टाकायची नाही, मांडीला घासू द्यायची नाही. जागा करण्यासाठी हाताने किंवा पायाने दाबायची तर मुळीच नाही. एका मामांच्या पोटरीवर जुना वण होता. "नवा होतो तेव्हाचा," ते म्हणाले, "पिशवी पायाला लागली आणि आतून काच आली." प्रत्येक पिशवीचा बारकोड यंत्राला दाखवून, वजन करून ती आत गेली. त्या गाडीमागे रिक्षा करून मी निघाले.

असे प्रक्रिया केंद्र प्रत्येक रुग्णालयाने आपापले काढायचे नसते. ७५ किलोमीटरच्या टापूत सामाईक केंद्र असेल तर सगळ्यांनी कचरा तिथेच द्यायचा, असा नियम आहे. गावाबाहेर माळावर, उंच चिमणीची ती शेड होती. वास असेल म्हणून मी पदर नाकाला लावण्याच्या तयारीत होते. त्यापेक्षा उष्णताच अंगावर आली.

तिथे तीन कामे चालतात. पहिले भट्टीचे. पिवळ्या पिशव्या न उघडता आत जातात. भट्टीला दोन दालने असतात. पहिल्यात कचरा जळतो आणि दुसऱ्यात त्याचा धूर सुमारे १०५० अंश सेल्सियसला पुन्हा जाळला जातो, म्हणजे विषारी वायू बाहेर पडू नयेत. दुसरे काम वाफेचे. लाल पिशव्या एका मोठ्या नळकांड्यात घालून १२१ अंशांवर, दाबाखाली तासभर शिजवतात. आपल्या घरच्या कुकरचा हा थोरला भाऊच. दाबही जवळपास तेवढाच. आणि तिसरे काम तुकडे करण्याचे, म्हणजे त्या नळ्या आणि सिरींजा पुन्हा कोणाच्या हाती लागू नयेत.

हे तिसरे काम वाटते त्यापेक्षा महत्त्वाचे आहे. २००९ साली गुजरातेत मोडाशाकडे 'ब' काविळीची मोठी साथ आली आणि कित्येक माणसे दगावली. वापरलेल्या सिरींजा पुन्हा वापरल्या गेल्या, हे तिच्या मुळाशी सापडले; त्यांचा धंदाही उघडकीला आला. भंगारात गेलेली अखंड सिरींज परत येऊ शकते. तुकडे झालेली येत नाही.

भट्टीवरच्या मामांच्या तोंडावर काचेसारखी पारदर्शक ढाल, हातात कोपरापर्यंतचे जाड मोजे, अंगावर जाड एप्रन. ऑक्टोबरच्या उन्हात, भट्टीपुढे. मी म्हटले, "फार उकडत असेल."

"उकडतंय की. पण बिनमोज्याचा एक दिवस आणि मोज्याची दहा वर्षं, यात काय घ्यायचं ते आमचं आम्हाला कळतं, बाई." मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती मी विसरणार नाही. "आम्ही पिशवी उघडत नाही. आम्हाला रंग दिसतो. लाल म्हटलं की आम्ही समजतो, यात टोचणारं काही नाही, आणि त्या भरवशावर हात घालतो. लाल पिशवीत सुई निघाली, तर हा मोजासुद्धा ती अडवत नाही. आणि लाल प्लास्टिक पिवळ्यात आलं, की भट्टीत भलताच धूर होतो. तो आधी आमच्या छातीत जातो, मग गावात. तुमच्या वॉर्डातल्या माणसानं पिशवीत काय टाकलं, त्यावर आमचं इथलं सगळं आहे."

माळावरून परत येताना मी विचार करत होते. ढाल, मोजे, बूट हे सगळे हवेच. त्यात कसूर करणाऱ्या मालकाला जाब विचारलाच पाहिजे. पण माणसाच्या हाताची खरी राखण होते ती त्या मोज्याच्याही आधी, दहा-पंधरा किलोमीटरवर, कोण्या एका खाटेपाशी. टाकणारा आणि उचलणारा एकमेकांना कधी भेटत नाहीत. मधे फक्त एक रंग असतो.

त्या संध्याकाळी रिक्षावाल्याला मी सतारमेकरांच्या गल्लीतून घ्यायला सांगितले. एका दुकानात मंगळवेढा-पंढरपुराकडून आलेले भोपळे टांगलेले, खाली बसून एक वृद्ध कारागीर तंबोऱ्याच्या गळ्याची नक्षी कोरत होता. मला पाहून उठला, आणि उठताना हातातली पटाशी धार भिंतीकडे करून फळकुटाखाली सरकवून ठेवली. शेजारी त्याचा नातू खेळत होता. त्याने हे जाणूनबुजून केले नसावे. हाताला वळणच होते तसे. मावशींच्या चादर काढण्यातही तेच वळण मी पाहिले होते. फरक एवढाच, की या वृद्धाला ते वडिलांनी शिकवले आणि मावशींना एका सुईने.

खोलीवर आले तो अक्कांचे इन्सुलिन चालले होते. त्यांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. पेनासारखे ते यंत्र, त्याला रोज नवी बारीक सुई. मावशी पाण्याचा तांब्या ठेवायला आल्या होत्या. त्यांनी अक्कांच्या हातातली वापरलेली सुई घेऊन पांढऱ्या डब्यात टाकली आणि सहज विचारले, "आन् घरी कुटं टाकता वो, अक्का?"

चौतीस वर्षे दुसऱ्यांना उत्तरे विचारणाऱ्या अक्का गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "केराच्या डब्यात. सालींच्या खाली."

मावशी काही बोलल्या नाहीत. घंटागाडीवर हाताने केर निवडणारी बाई कोण असते, ते त्यांना सांगायची गरज नव्हती. त्यांची धाकटी जाऊ तेच काम करत होती, हे दुसऱ्या दिवशी कळले.

हा प्रश्न अक्कांच्या घरापुरता नाही. आज कितीतरी घरांत इन्सुलिनची पेने आहेत, आजीआजोबांचे डायपर आहेत, मुलींचे पॅड आहेत, मुदत संपलेल्या गोळ्यांची पाकिटे आहेत. रुग्णालयातल्या मावशींना निदान चार रंग आहेत, मोजे आहेत, नियमांचे पुस्तक आहे. आपल्या दारातला केर उचलणाऱ्याला बहुतेक वेळा यांतले काहीच नसते. २०२० सालच्या करोनात आपण दारे लावून घरात बसलो होतो, २२ मार्चला खिडकीतून टाळ्या आणि थाळ्या वाजवल्या होत्या. तेव्हा रोज सकाळी घराबाहेर पडून आपले मास्क आणि रुमाल उचलणारी हीच माणसे होती. हे काम पिढ्यान् पिढ्या ठरावीक जातींच्या माथी मारले गेले, आणि ज्याच्या माथी मारले त्याच्या हाताची चौकशी करायची नाही हेही त्याबरोबर ठरून गेले. गाडगेबाबांनी आधी गाव झाडायचे आणि मग कीर्तन करायचे, ते लोकांना कळावे म्हणूनच. कीर्तन आपण लक्षात ठेवले.

आता मावशींच्या लशीचे सांगायचे राहिले. सुई टोचली तेव्हाच त्यांना 'ब' काविळीची लस सुरू झाली होती. दोन टोचण्या झाल्या. तिसरी सहा महिन्यांनी होती, पण तोवर ठेकेदार बदलला. नव्या ठेकेदाराच्या वहीत सगळी माणसे नवी, तिथे जुन्या टोचण्यांचा हिशेब कुठून असणार? रुग्णालय म्हणाले ठेकेदाराचे काम, ठेकेदार म्हणाला रुग्णालयाचे. मावशींनी दोनदा विचारले आणि सोडून दिले.

अक्कांना हे कळले त्या दिवशी त्यांनी मावशींना चादर बदलू दिली नाही. "आधी ते इंजेक्शन, मग माझी चादर," म्हणाल्या, आणि मुख्य सिस्टरना बोलावणे धाडले. सिस्टर बिचाऱ्या भल्या होत्या. अक्कांनी त्यांना २०१६ सालच्या नियमांतले ते वाक्य, माझ्याकडून आदल्या रात्री लिहून घेतलेले, चष्मा लावून वाचून दाखवले. तिसरी टोचणी उशिरा घेतली तरी चालते का, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते का, हा एक प्रश्न होता. तरुण डॉक्टर म्हणाला, नाही, राहिलेली तेवढीच द्यायची, आणि महिन्या-दोन महिन्यांनी रक्त तपासून शरीरात प्रतिकारशक्ती आली का ते पाहायचे. आठव्या दिवशी सकाळी सात वाजता ढकलगाडीची करकर आली ती नेहमीपेक्षा जलद आली. मावशींनी दंडावरचा कापसाचा बोळा दाखवला.

"कुठं टाकणार तो?" अक्कांनी विचारले.

"पिवळ्यात," मावशी म्हणाल्या, आणि दोघी हसल्या.

त्यांच्याबरोबरच्या आणखी चौघींची लस राहिली होती. त्यांची नावे सिस्टरनी लिहून घेतली. जाड मोज्यांचेही अक्कांनी काढलेच: गाडीला अडकवलेले मोजे पुरुषांच्या मापाचे होते, बायकांच्या हातात ते फिरत, म्हणून त्या पातळ मोज्यांवरच काम भागवत. बायकांच्या मापाचे मागवू, असे उत्तर मिळाले. ते आले का, हे विचारायला अक्का दर पंधरवड्याला रुग्णालयात फोन करतात. पहिल्या दोन फोनांना 'मागवले आहेत' असे उत्तर आले. तिसरा फोन या अंकाच्या छपाईनंतर होईल.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला आपण नवी केरसुणी आणतो, तिला लक्ष्मी मानून हळदकुंकू वाहतो. यंदाही वाहूच. त्याबरोबर एक लहानसे काम करता येईल. फराळाचे डबे रिकामे होतील तेव्हा फिरकीच्या घट्ट झाकणाची, सुईने भोक न पडणारी एक जाड प्लास्टिकची बरणी बाजूला काढावी. त्यावर मोठ्या अक्षरांत 'सुया' असे लिहावे. ज्या घरी इन्सुलिन आहे त्यांनी सुई सरळ त्यात टाकावी. बरणी पाऊण भरली की झाकण चिकटपट्टीने पक्के करून आपल्या डॉक्टरांकडे किंवा जवळच्या रुग्णालयात विचारून द्यावी. घेत नाहीत म्हणाले, तर का घेत नाहीत ते विचारावे. पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून वेगळे द्यावेत. काचेचा कप फुटला तर तुकडे खोक्यात घालून, वर 'काच' लिहून.

अक्कांची बरणी त्यांच्या देवघराशेजारच्या फडताळात आहे. अक्षर अर्थातच वळणदार आणि शुद्ध.